पत्र्याला रिपिट मारताय? आधी एवढं बघून घ्या

रिव्हेट म्हणा, रिपिट म्हणा, दोन पत्रे कायमचे जोडायचा हा खिळा, हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही नावं चालतात. कूलरचा पत्रा सुटला, पेटीची बिजागरी निघाली, कढईचा कान हलायला लागला की लोक सरळ दुकानात जाऊन "दहा-वीस रिपिट द्या" म्हणतात आणि दुकानदार जे हातात येईल ते देतो, मग महिनाभरात परत ढिलं. बहुतेक वेळा दोष रिपिटचा नसतोच, भोक मोठं पडलेलं असतं नाहीतर लांबी चुकलेली असते. त्यामुळे मी या दोन गोष्टींवर जास्त लिहितोय.

पण सगळ्यात आधी बघायचं की मागच्या बाजूला हात पोचतो का. पोचत असेल तर भरीव रिपिट वापरता येतं, म्हणजे एका बाजूला डोकं असलेला भरीव दांडा, मागून ठोकून दुसरं डोकं करायचं. हावडा ब्रिज (1943) असाच रिपिटांवर उभा आहे, नट-बोल्ट नाहीत. तिथे रिपिट लाल होईपर्यंत तापवून ठोकायचे, गार होताना ते आकसतं आणि दोन्ही प्लेटा एकमेकींवर घट्ट आवळून धरते. घरच्या कामात तापवायची गरज नाही, अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं गारच ठोकलं जातं.

कढईच्या, पातेल्याच्या कानाला भरीव रिपिटच मारा, पॉप रिपिट अजिबात नको. पॉप रिपिट आतून पोकळ असतं, त्यात अन्न आणि तेल अडकतं, शिवाय पाणी झिरपतं. डोकं भांड्याच्या आतल्या बाजूला ठेवायचं, ते ऐरणीवर किंवा जाड लोखंडी तुकड्यावर टेकवायचं आणि बाहेर आलेल्या शेपटीवर हातोडी मारायची. शेपटी रिपिटच्या जाडीच्या साधारण दीडपट बाहेर हवी, कमी असेल तर डोकं नीट बनत नाही, जास्त असेल तर वाकून एका बाजूला पडते. आधी सरळ दोन-तीन ठोके, मग कडेकडेने गोल फिरत हलके ठोके.

मागे हात पोचत नसेल, म्हणजे चौकोनी पाइप, बंद डबा, खिडकीची सेक्शन वगैरे, तिथे पॉप रिपिट. यात पोकळ नळी आणि मधून जाणारा खिळा असतो, रिव्हेट गनने खिळा ओढला की मागची नळी फुगते आणि खिळा टक् करून तुटतो. बाजारात 3.2, 4 आणि 4.8 मिमी व्यासाचे साइज सगळीकडे मिळतात, जुने दुकानदार 3.2 ला वन बाय एट (1/8 इंच) म्हणतात. 1 मिमीच्या आसपासच्या पत्र्याला 3.2 पुरतं, बिजागरी, कडी-कोयंडा असं ओढ बसणारं काम असेल तर 4.8 घ्या.

लांबीचा हिशोब सोपाय, सगळ्या पत्र्यांची मिळून जाडी अधिक रिपिटचा व्यास, त्याहून थोडं जास्त चालेल. 1 मिमीचे दोन पत्रे असतील तर 2 अधिक 3.2, म्हणजे 6 मिमी लांबीचं रिपिट. "लांब घेतलं तर मजबूत" हा समज सोडा, लांब नळी मागे वेडीवाकडी फुगते आणि पत्रे आवळले जात नाहीत.

आता भोक. 3.2 ला 3.3 चं ड्रिल बिट, 4 ला 4.1, 4.8 ला 4.9, एवढाच फरक ठेवायचा. हाताशी 3.5 चं बिट आहे म्हणून तेच लावलं की रिपिट ढिलं बसलंच समजा. सेंटर पंचने खूण करा म्हणजे बिट घसरत नाही, दोन्ही पत्रे एकत्र धरून भोक पाडा आणि मग वेगळे करून मधली बर, म्हणजे भोकाच्या कडेला उठलेली धार, कानशीने काढा, बर राहिली की पत्रे चिकटून बसत नाहीत. कडेपासून भोक रिपिटच्या दुप्पट व्यासाइतकं तरी आत हवं नाहीतर कड फाटते. गन पत्र्याला काटकोनात दाबून धरा, तिरकी धरली की डोक्याखाली एका बाजूला फट राहते. ब्लेडचं पातं डोक्याखाली सरकवून बघा, शिरलं तर रिपिट काढून परत मारायचं.

प्लॅस्टिक, रेक्झिन, प्लायवूड असेल तर मागच्या बाजूने वायसर घाला नाहीतर नळी फुगताना माल फाडते. समोरची बाजू मऊ असेल तर मोठ्या डोक्याचं रिपिट मागा, पाणी अडवायचं असेल तर मागून बंद असलेलं मिळतं तेच घ्या.

कोकणात किंवा समुद्राजवळ राहणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की पाळा, स्टेनलेस स्टीलच्या म्हणजे एसएसच्या पत्र्याला अ‍ॅल्युमिनियमचं रिपिट मारू नका. खाऱ्या दमट हवेत दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते, अ‍ॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजत जातं आणि रिपिट एवढंसं, पत्रा एवढा मोठा, त्यामुळे ते फार लवकर जातं. एसएसला एसएसचंच रिपिट, थोडं महाग पडतं आणि गनला जोर जास्त लागतो, पण ते टिकतं.

ब्रेक लायनरचे रिपिट वेगळेच असतात, पितळेचे किंवा तांब्याचे, टोकाला पोकळ. मधल्या भोकापासून सुरू करून दोन्ही टोकांकडे जायचं म्हणजे लायनर शूवर (ज्या धातूच्या तुकड्यावर तो जोडतात त्यावर) नीट बसतो, आणि डोकं लायनरच्या पृष्ठभागाच्या आतच राहायला पाहिजे, वर आलं की ड्रमला चरे पडतात. हे काम मात्र मेकॅनिककडून करून घ्या, ब्रेकवर प्रयोग नको.

जुनं पॉप रिपिट काढताना मधला खिळ्याचा तुकडा आधी बारीक पंचने मागे ढकला, मग भोकाच्याच साइजच्या बिटने फक्त डोकं ड्रिल करा, डोकं सुटलं की थांबा आणि उरलेली नळी पंचने ठोकून काढा. ड्रिल करताना रिपिट सोबत फिरायला लागलं तर डोक्याची कड पकडीने धरा. एवढं करूनही भोक ढिलं झालंच तर त्यात तोच साइज परत कोंबू नका, 3.2 होतं तर 4.1 च्या बिटने भोक साफ करून 4 चं रिपिट मारा.