शीच्या डब्या आणि पिवळी पडलेली प्लेट

एमएस्सी मायक्रोबायोलॉजी करून नाशिकच्या एका लॅबमध्ये लागले, तेव्हा डोक्यात फक्त पीसीआर होतं, म्हणजे विषाणूच्या जनुकाचा तुकडा वाढवून तो ओळखणारी चाचणी. हाती आल्या शीच्या डब्या. डिसेंबर होता, निफाडचा पारा रोज पेपरात येत होता आणि जुलाबाची बाळं वाढत होती. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटा विषाणूचा जोर आपल्याकडे थंडीतच.

या कामात नव्याने येणाऱ्यांनी आधी नमुना घ्यायला शिकावं. म्हसरूळहून एक आजी अख्खा डायपर पिशवीत घालून घेऊन आल्या. पातळ शी सगळी जेलमध्ये जिरलेली, खरवडून काय मिळणार? तेव्हापासून मी आयांना सांगते, डायपर उलटा बांधा, प्लास्टिकची बाजू आत. चमचाभर पुरते, पण पहिल्या तीन-चार दिवसांतली हवी आणि बर्फावर आणा.

रोटा, नोरो, अ‍ॅस्ट्रो आणि अ‍ॅडिनो ४०-४१ (अ‍ॅडिनोचे दोन प्रकार) हे जुलाबाचे नेहमीचे विषाणू. अ‍ॅडिनो तेवढा डीएनएवाला, बाकीचे आरएनएचे. रोटा शीत इतका खच्चून असतो की एलायझा, म्हणजे विषाणूचं प्रथिन रंगाने दाखवणारी चाचणी, पुरते. ती त्याचं व्हीपी६ नावाचं प्रथिन पकडते. नोरोला मात्र आरटी-पीसीआरच, म्हणजे आधी आरएनएचा डीएनए करून मग पीसीआर.

माझी पहिली एलायझा प्लेट अख्खी पिवळी झाली. पिवळं म्हणजे पॉझिटिव्ह, मी खुश, केवढे पॉझिटिव्ह! सरांनी नुसतं निगेटिव्ह कंट्रोलच्या, म्हणजे विषाणू नसलेल्या नमुन्याच्या, वेलवर (प्लेटमधल्या खळग्यावर) बोट ठेवलं. तीही पिवळी. धुताना घाई केली होती, रंग आणणारं एन्झाइम जोडलेली अँटीबॉडी, म्हणजे कॉन्जुगेट, वेलमध्ये राहिलं होतं. किट महाग असतं, त्यामुळे पुढचं बोलणं इथे लिहीत नाही.

पीसीआरमध्ये फसगत उलटी होते. शीतले पित्तक्षार वगैरे एन्झाइमला अडवतात आणि पॉझिटिव्ह नमुना गुपचूप निगेटिव्ह येतो. इंटर्नल कंट्रोल (चाचणी नीट चालली का हे कळायला सोबत लावलेली खूण) उठला नाही तर रिपोर्ट सोडू नका. आरएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा.

आणि फॉर्मवर लसीची तारीख हवीच. ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळणारी रोटाची लस जिवंत असते, तिचा विषाणू काही दिवस शीतून बाहेर पडतो. एलायझाला तो आणि आजाराचा रोटा सारखाच; फरक हवा तर जीनोटायपिंग, म्हणजे जनुकांवरून विषाणूचा प्रकार ओळखणं. तारखेचा रकाना रिकामा दिसला की मी अजूनही आधी फोन लावते, मग प्लेट.