हनिमूनला श्रीलंका? आधी मुहूर्त बघा, मग किनारा ठरवा

लग्न डिसेंबर ते मार्चमधलं असेल तर सरळ दक्षिणेला मिरिसा गाठा. तेव्हा समुद्र शांत असतो आणि बोटीतून निळे देवमासे दिसू शकतात. मे-जूनचा मुहूर्त असेल तर मात्र तिकडे फिरकू नका. नैऋत्य मोसमी पाऊस त्या बाजूला झोडपतो आणि पाण्यात पाय घालायचीही सोय नसते. त्याच दिवसांत पूर्वेला त्रिंकोमालीचा समुद्र तळ्यासारखा निवांत असतो. तिथून बोटीने पिजन आयलंडला जा. मास्क लावून डोकं पाण्यात घातलं की प्रवाळांवरून काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क सरकताना दिसतात, आणि ते बिचारे आपल्यालाच घाबरतात. प्रवाळावर पाय मात्र ठेवू नका.

ऑगस्ट-सप्टेंबरात जाणार असाल तर त्रिंकोमालीहून दोनेक तासांवरचं मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यान चुकवू नका. तलाव आटून उगवलेल्या गवतावर हत्तींचे कळप जमतात. जीप दुपारी तीननंतरची घ्या. पिल्लं आईच्या पायांत लुडबुडताना तेव्हाच सापडतात.

मुक्काम दोनच ठेवा. पाच दिवसांत पाच हॉटेलं केलीत तर अर्धा हनिमून बॅगा भरण्यात जाईल.