बेडरूम मोजून घरातली दाटी ठरवताना या चुका टाळा

ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेतली माणसं घेतली, बेडरूमच्या संख्येने भागली, झाला दाटीचा आकडा तयार! सगळ्यात जास्त केली जाणारी चूक हीच.

ऑस्ट्रेलियन ब्युरो ऑफ स्टॅटिस्टिक्स, म्हणजे तिथली सरकारी आकडेवारी संस्था, यासाठी मूळचा कॅनडाचा निकष वापरते. जोडप्याला एक खोली. 18 किंवा त्याहून मोठ्या एकट्या माणसाला स्वतंत्र खोली. 18 वर्षांखालचे दोन भाऊ किंवा दोन बहिणी एका खोलीत चालतात, पण एक भाऊ आणि एक बहीण असेल तर दोघं पाच वर्षांखालचे असतील तरच. एका खोलीत दोनपेक्षा जास्त माणसं नाहीत. आता मेलबर्नमधली तीन बेडरूमची दोन घरं घ्या, दोन्हीत सहा माणसं. पहिल्यात तीन जोडपी राहतात. निकषाप्रमाणे सगळं ठीक. दुसऱ्यात आई-बाबा, 12 आणि 9 वर्षांचे दोन मुलगे, 7 वर्षांची मुलगी आणि आजी. इथे चार खोल्या हव्यात, म्हणजे एक कमी. भागाकार दोन्हीकडे दोनच येतो. म्हणून वय, लिंग आणि नातं पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ही आजी भारतातून तीन महिन्यांसाठी आली असेल तर ती पाहुणी, खोल्यांच्या हिशेबात ती नाही. परदेशातून आलेली व्यक्ती एक वर्ष किंवा जास्त राहणार असेल तरच नेहमीची रहिवासी. नेमकं इथेच गणित फिरतं.

बेडरूम शून्य दिसली की ती ओळ चुकीची समजून अनेकजण काढून टाकतात. ते स्टुडिओ घर, म्हणजे वेगळी बेडरूम नसलेलं एकाच खोलीचं घर, असू शकतं, आणि एकट्या माणसाला निकष ते चालवून घेतो. ‘माहिती नाही’ आणि ‘ठरवता येत नाही’ हे गट मात्र टक्केवारीच्या छेदातून वगळायचे की नाही ते आधी ठरवा, आणि तसं लिहा.

‘जादा खोली’ म्हणजे वाया गेलेली खोली, हे तर मला अजिबात पटत नाही. घटस्फोटानंतर मुलं जनगणनेत एकाच घरी मोजली जातात. दुसऱ्या पालकाकडची, दर शनिवार-रविवारी भरणारी खोली कागदावर रिकामीच दिसते. शिवाय एका उपनगरातल्या जादा खोल्या दुसऱ्यातल्या कमतरतेतून वजा करून ‘एकूण पुरेशा आहेत’ म्हणणाऱ्यांना विचारा, तिथे कोण राहायला जाणार?

ज्या घराला चार किंवा जास्त बेडरूम कमी पडतात, तिथली माणसं ब्युरो बेघरांत धरते. 2021 च्या 1,22,494 बेघरांमध्ये ती सुमारे 48 हजार आहेत. दाटी आणि बेघरपणाचे आकडे एकत्र मिळवलेत तर हीच माणसं दोनदा मोजाल. तसंच घरांची टक्केवारी माणसांची म्हणून छापू नका. दाटीच्या घरांत माणसं जास्त असतात.

भारताच्या 2011 च्या जनगणनेशी तुलना करायचा मोह होतोच. पण तिथे राहण्याच्या खोल्या मोजल्या, दिवाणखान्यासकट. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवता येत नाहीत.

बेरीज एक-दोनने चुकत असेल तर फार शोधत बसू नका. ब्युरोच्या टेबलबिल्डरमध्ये, म्हणजे जनगणनेचे तक्ते बनवायच्या ऑनलाइन साधनात, गोपनीयतेसाठी आकडे मुद्दाम थोडे हलवलेले असतात.