सौदा झाल्यानंतर काय होते? बाजार शिकू पाहणाऱ्यांसाठी

बी.कॉम. होऊन 2019 साली मी वाशीतील एका ब्रोकरच्या बॅक ऑफिसात, म्हणजे सौद्यानंतरचे कागदी काम पाहणाऱ्या विभागात, लागलो, तेव्हा शेअर बाजार म्हणजे वरखाली होणारे भाव एवढीच माझी समजूत होती आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने जाताना मी मोबाइलवर तेच पाहत बसे. बाजार खऱ्या अर्थाने कळू लागला तो माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे.

एका ग्राहकाने 410 रुपये भावाने 50 शेअर विकले आणि ते डिमॅट खात्यातून देण्यासाठीची स्लिप सही करून आमच्याकडे आणून दिली. ती माझ्या ट्रेमध्ये इतर कागदांखाली राहिली आणि पे-इनची, म्हणजे विकलेले शेअर जमा करण्याची, वेळ टळून गेली. आता खरेदीदाराला एक दिवस थांबावे लागेल, एवढेच मला वाटले. प्रत्यक्षात सौदे पुरे करून देणाऱ्या संस्थेने, म्हणजे क्लिअरिंग कॉर्पोरेशनने, लिलावातून 432 रुपयांना तेवढे शेअर घेऊन त्याला दिले आणि 22 रुपयांप्रमाणे 1,100 रुपयांचा फरक आमच्या नावे टाकला. साहेबांनी काँट्रॅक्ट नोट (ब्रोकर ग्राहकाला देतो ती सौद्याची पावती) समोर ठेवून एवढेच विचारले, "हे शेअर कोणी घेतले, सांग बघू." त्या कागदावर खरेदीदाराचे नाव नव्हतेच.

तुर्भ्याच्या एपीएमसीत कांदा पाठवणाऱ्या शेतकऱ्यालाही आपला माल शेवटी कोणाकडे गेला हे बहुधा ठाऊक नसते. त्याची पट्टी येते ती अडत्याकडून. क्लिअरिंग कॉर्पोरेशन अशीच मधे उभी राहते, म्हणजे विकणाऱ्यासाठी ती खरेदीदार होते आणि घेणाऱ्यासाठी विक्रेता. फरक इतकाच की तिची हमी नुसत्या विश्वासावर चालत नाही, तर सदस्यांकडून आधीच घेतलेल्या मार्जिनवर, म्हणजे अनामत रकमेवर, आणि अशा वेळेसाठी राखलेल्या सेटलमेंट गॅरंटी फंडावर उभी असते. म्हणून नवख्याने आधी एका सौद्याचा माग काढावा: पैसे कोणत्या बँकेतून निघाले, शेअर कोणत्या डिपॉझिटरीत (डिमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेत) हलले आणि कोणी चुकले तर भुर्दंड कोणावर पडला.

एनएसडीएल ही डिपॉझिटरी 1996 मध्ये आणि सीडीएसएल 1999 मध्ये सुरू झाली, त्याआधी हा माग कागदी प्रमाणपत्रांमधून काढावा लागे आणि सही जुळली नाही तर ती परत येत. माझ्या वेळी व्यवहार सौद्यानंतर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पुरा होई; 27 जानेवारी 2023 पासून शेअरांचे सौदे पुढच्याच कामकाजाच्या दिवशी पुरे होतात. माझी ती स्लिप आज राहिली असती, तर सावरायला आणखी एक दिवस कमी मिळाला असता.

बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2006 मध्ये स्थापन केलेल्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेच्या परीक्षांपैकी सातवी मालिका याच कामकाजावर आणि जोखमीवर आहे. संस्थेचे कार्यालयही तेव्हा वाशीतच होते. महिनाभरात ट्रेडर करून सोडणाऱ्या क्लासांपेक्षा या परीक्षेचे पुस्तक रुक्ष आहे, हे मान्य. पण मुलाखतीत मला विचारलेले निम्मे प्रश्न त्यातलेच होते.

शेअरांवरच थांबू नये. व्याजदर आणि रोख्याचा (ठरलेले व्याज देणाऱ्या कर्जपत्राचा) भाव उलट का चालतात, हे व्याख्या पाठ करून डोक्यात बसत नाही, उदाहरण सोडवून बसते. 7 टक्के व्याजाचा दहा वर्षांचा 100 रुपयांचा रोखा घ्या. बाजारात 8 टक्के मिळू लागले, तर तो सुमारे 93 रुपयांनाच खपेल. ट्रेझरी बिल (सरकारचे अल्पमुदतीचे, वेगळे व्याज न देणारे कर्जपत्र) त्याहून सोपे: 91 दिवसांचे 100 रुपयांचे बिल 98.40 ला मिळाले, तर 1.60 ला 98.40 ने भागून 365 ने गुणावे आणि 91 ने भागावे; वार्षिक परतावा सुमारे 6.52 टक्के येतो. ट्रेझरी बिलांचा लिलाव सहसा बुधवारी होतो आणि रिझर्व्ह बँक कट-ऑफ भाव (स्वीकारलेल्या बोलींतला सर्वांत कमी भाव) व त्यावरचा परतावा दोन्ही जाहीर करते. परताव्याचा आकडा झाकून ठेवावा, भावावरून तो स्वतः काढावा आणि मगच पडताळावा. मला तो पहिल्यांदा जुळायला तीन बुधवार लागले, कारण मी 365 ऐवजी 360 धरत होतो.