वाचनात मागे पडलेलं पोर: घरच्या घरी होणाऱ्या या चुका टाळा

संध्याकाळी माझ्या ओट्यावर शेजारपाजारची चार-पाच पोरं वाचायला बसतात. खर्च म्हणाल तर सतरंजी, पेन्सिली आणि झेरॉक्स. दर जूनमध्ये एखादी आई तिसरी-चौथीतलं पोर घेऊन येते आणि विचारते, "ताई, महिनाभरात येईल ना वाचायला?" महिनाभरात घराला रंग देऊन होतो, बाई. वाचन नाही.

सगळ्यात जास्त पाहिलेली चूक म्हणजे पाठांतराला वाचन समजणं. चौथीतला एक मुलगा आला होता. वडील म्हणाले, "मराठी फर्स्टक्लास वाचतो, गणितातच कच्चा आहे." पोरानं पुस्तक उघडलं आणि अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवला. बोट मात्र दुसऱ्या ओळीवर आणि तोंड चौथ्या! मी म्हटलं, "आता शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्द वाच." पोर गप्प. त्याच धड्यातला 'पाऊस' कोऱ्या कागदावर लिहून दिला, तर म्हणाला 'पाणी'. पहिलं अक्षर बघायचं आणि पुढचं ठोकून द्यायचं, यावर त्यानं तीन वर्षं काढली होती. सगळा वर्ग एका सुरात धडा म्हणत असताना एकट्याचं कुणाला कळणार? गणितातही त्याची अडायची ती शाब्दिक उदाहरणंच.

तेव्हापासून मी जुन्या लग्नपत्रिकेला एका ओळीएवढी खिडकी कापून ठेवलीय. ती पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, चित्र झाकलं जातं. नवीन पोराची परीक्षा कधीही न पाहिलेल्या मजकुरावरच घेते. 'असर' या मुलांचं वाचन तपासणाऱ्या सर्वेक्षणाच्या चाचणीत अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असा क्रम असतो. घरीही तसंच करा. जिथे पोर अडेल, तिथून सुरुवात.

इथेच पालकांचा मान आडवा येतो. "चौथीतल्याला पहिलीचं पुस्तक?" हो, तेच. लाज वाटत असेल तर वर्तमानपत्राचं कव्हर घाला. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर चार पातळ्यांच्या मराठी गोष्टी आहेत, त्याही फुकट. तरी लोक दोन हजारांचा कोर्स लावतात.

दुसरी चूक, बाराखडी चालीत घोकून घेणं. 'क ला काना का' सगळ्यांना येतं. नुसता 'कु' समोर धरा, पोर 'क का कि की' अशी सगळी शिडी चढून 'कु'पर्यंत येतं. मी एका वेळी एकच चिन्ह घेते. आठवडाभर फक्त काना: काका, मामा, नाक, कान, राजा. मग दुसरी (दीर्घ) वेलांटी, मग पहिली (ऱ्हस्व). पहिली मुद्दाम उशिरा, कारण ती लिहितात अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर. 'दिवस' वाचताना पोरं तिथेच गडबडतात. घ-ध आणि भ-म या जोड्याही शेजारी ठेवून एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झालं की दुसरं. जोडाक्षरांत 'र' सगळ्यात छळतो: सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या. एकच अक्षर, चार सोंगं. एका दिवशी एकच सोंग, बस.

पोर अडलं की लगेच शब्द सांगू नका. मी मनात पाचपर्यंत मोजते. तरी जमलं नाही तर शब्दाचा मागचा भाग बोटानं झाकते, एकेक अक्षर उघडते. आज्या मात्र मध्येच सांगून मोकळ्या होतात, त्यांना चहा करायला पाठवा!

धाकट्या बहिणीसमोर वाचायला लावू नका. मोबाईलवरचं ॲप गोष्ट स्वतःच वाचून दाखवतं, पोर ऐकत बसतं. ते वाचन नव्हे. आणि फळा दिसत नसेल, पुस्तक नाकाला लागत असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या.

रोज पंधरा मिनिटं, जेवणाआधी. रविवारी दोन तास बसवून भरपाई होत नाही. तो चौथीतला मुलगा गणपतीत आला होता, होळीपर्यंत दुसरीची गोष्ट वाचायला लागला. 'राष्ट्र'पाशी अजून अडखळतो. पण थांबून अक्षरं बघतो, ठोकून देत नाही.