युरोपातल्या बेरोजगारीवर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

एम.ए. इकॉनॉमिक्सच्या पोरांचे प्रोजेक्ट बरीच वर्षं तपासतेय आणि आता खरंच कंटाळा आलाय, कारण विषय तोच, 'युरोपात पगार खाली येत नाहीत म्हणून बेरोजगारी', आणि चुकाही त्याच.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे "2013 मध्ये स्पेनमधले 55 टक्के तरुण बेरोजगार होते" हे वाक्य. अरे, सगळ्या तरुणांचे नाही! 25 च्या आतले जे काम करतायत किंवा काम शोधतायत, फक्त त्यांच्यातले 55 टक्के. त्या वयात बरीचशी पोरं कॉलेजात असतात, नोकरी शोधतच नसतात, ती या हिशोबात येत नाहीत. सगळे तरुण धरले तर साधारण पाचातला एक बेरोजगार, आणि तेही भयंकरच आहे, वाढवून सांगायची गरज काय? एका मुलाला मी तीनदा सांगितलं होतं की टक्के कशाचे ते बघ, तर म्हणाला "मॅडम, सगळीकडे असंच लिहिलंय". व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी शांतपणे विचारलं, मग उरलेले 45 टक्के नोकरीला होते का? हा म्हणाला हो. पुढची वीस मिनिटं मला बघवली नाहीत, पोरगा हुशार होता हो. मी स्वतः कुठलाही टक्का दिसला की बाजूला पेन्सिलीने 'कशाचे?' लिहिते, उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नाही.

दुसरी चूक, पगार ताठर, म्हणजे सहजी खाली येत नाहीत, याचं कारण युनियन हट्टी, विषय संपला. जरा थांबा. 2009 मध्ये स्पेनमध्ये नोकऱ्या धडाधड जात होत्या आणि तरीही युनियन-मालकांच्या करारांतले पगार वाढतच होते, हे खरं. पण त्यातले बरेच करार आधीच्या चांगल्या वर्षांत, काही वर्षांसाठी एकदमच झालेले. आणि 1984 पासून तिथे टेम्पररी नोकऱ्यांचे नियम सैल केले होते, त्यामुळे तेजीच्या काळात जवळपास एक तृतीयांश नोकरदार टेम्पररी होते. मंदी आली तशी कंपन्यांनी कोणाचा पगार कापत न बसता यांचे करार रिन्यू करणंच बंद केलं. पर्मनंट माणसाला मात्र चुकीच्या पद्धतीने काढलं तर नोकरीच्या दर वर्षामागे 45 दिवसांचा पगार भरपाई द्यावी लागायची, ती 2012 मध्ये 33 दिवसांवर आणली. म्हणजे एकाच देशात, कधी एकाच ऑफिसात, एक माणूस पूर्ण सुरक्षित आणि शेजारचा पूर्ण उघड्यावर. 'कायदे कडक' लिहिलंत तर कोणासाठी कडक तेही लिहा. 2009 मध्येच जर्मनीचा जीडीपी स्पेनपेक्षा जास्त पडला, तरी बेरोजगारी जेमतेम हलली, कारण तिथे कुर्झआर्बाइट होतं, माणूस काढायचा नाही, तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारी विमा निधीतून द्यायचा. एका वेळी साधारण 15 लाख लोक त्यात होते. पगाराचा दर तोच राहिला, तास लवचिक झाले. ही तुलना न करता स्पेनवर निष्कर्ष काढणाऱ्यांचे मार्क मी कापते.

बाकीच्या पटापट सांगते. डेन्मार्क आणि ऑस्ट्रियात सरकारी किमान वेतन नाही म्हणून तिथे पगार मोकळे असं समजू नका, तिथे ते सामूहिक करारांनी ठरतात. पगाराचा आकडा वाढला म्हणजे पगार वाढला असं नाही, 2022 च्या महागाईत जर्मन कामगाराचा वास्तव पगार, म्हणजे महागाई वजा करून उरणारा, घटला होता. ग्रीसने 2012 मध्ये किमान वेतन 22 टक्क्यांनी कापलं आणि पुढच्या वर्षी बेरोजगारी 27 टक्क्यांच्या वर होती, पण यावरून 'कपात केली म्हणून बेरोजगारी वाढली' असंही लिहू नका, तिथे मागणीच कोसळली होती.

आणि 2005 च्या सुरुवातीला जर्मनीत बेरोजगार 50 लाखांच्या वर गेले म्हणून हार्ट्झ सुधारणा (तिथल्या नोकरी आणि बेकारी भत्त्याच्या नियमांतले बदल) फसल्या, हे तर कृपा करून नकोच. त्या जानेवारीत सोशल मदतीवरचे बरेच लोक पहिल्यांदाच बेरोजगारांच्या यादीत मोजले गेले. तक्त्याखालच्या बारीक अक्षरात ते असतं, सबमिशनच्या आदल्या रात्री बसलात तर ते वाचलं जात नाही.