निकालावर शंका आहे? बेळगाव, निपाणी, खानापूर भागात निवडणूक याचिका कशी उभी करायची

गुलाल उडाला की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर एकच चर्चा: मशीन बदललं, बोगस मतदान झालं, मोजणीत घोळ घातला. यातलं काही खरं असूही शकतं. पण कोर्ट विचारतं कोणत्या बूथवर, किती वाजता, कोणी, किती मतं, आणि त्याचा कागद कुठाय. तो कागद निकालानंतर जमवता येत नाही. त्यातला निम्माअधिक मतदानाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुमच्या बूथ एजंटच्या खिशात असायला हवा.

आधी तुमची निवडणूक कोणती ते बघा, कारण कोर्ट आणि मुदत त्यावर ठरते. विधानसभा आणि लोकसभेला 1951 चा लोकप्रतिनिधित्व कायदा लागतो. याचिका थेट उच्च न्यायालयात जाते आणि निकाल जाहीर झाल्यापासून 45 दिवसांत दाखल व्हावी लागते. 2023 ची कर्नाटक विधानसभेची मोजणी 13 मे रोजी झाली, म्हणजे शेवटचा दिवस 27 जून. ग्रामपंचायतीला 1993 चा कर्नाटकाचा पंचायत राज कायदा लागतो. तिथे कलम 15 खाली नेमलेल्या दिवाणी न्यायालयात 30 दिवसांत जायचं आणि खर्चाची अनामत अर्जासोबतच भरायची. 2020 च्या ग्रामपंचायत निवडणुकीची मोजणी 30 डिसेंबरला झाली होती, तिची मुदत 29 जानेवारीला संपली. महापालिका आणि नगरपालिकांचे कायदे आणखी वेगळे आहेत, तेव्हा विधानसभेच्या 45 दिवसांचा हिशेब तिथे लावू नका. या सगळ्या स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, भारत निवडणूक आयोग नव्हे. पहिली तक्रार चुकीच्या दारात गेली की चार-पाच दिवस असेच जातात.

मुदत हुकली तर माफी नाही. दिवाणी दाव्यात उशीर माफ करून घेता येतो, तशी सोय निवडणूक याचिकेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1974 मध्येच स्पष्ट केलं आहे. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी याचिका चालते खरी. पण सुट्टीत रजिस्ट्री (कोर्टाचं याचिका स्वीकारणारं कार्यालय) ठरावीक दिवशी उघडी राहील अशी नोटीस लागली असेल, तर ‘सुट्टी होती’ हे कारण टिकत नाही. मे महिन्यात मोजणी झाली की उन्हाळी सुट्टी आडवी येते, म्हणून ती नोटीस आधी वाचा. धारवाड पीठ 2013 पासून कायमचं असलं, तरी तुमच्या मतदारसंघाची याचिका धारवाडला स्वीकारतात की बेंगळुरूला, हे पहिल्याच आठवड्यात रजिस्ट्रीत जाऊन विचारून घ्या. चाळिसाव्या दिवशी हा प्रश्न पडला तर फार उशीर झालेला असतो.

आणखी एक चुकीची वाट म्हणजे निवडणूक चालू असतानाच रिट याचिका घेऊन धावणं. राज्यघटनेचं कलम 329 आणि 1952 चा पोन्नुस्वामी निकाल ही वाट अडवतात. निवडणुकीला आव्हान द्यायचं ते निकालानंतर, निवडणूक याचिकेनेच. पंचायत आणि नगरपालिकांनाही घटनेत अशीच तरतूद आहे.

मतदानाच्या दिवशी काय घ्यायचं

एजंटला पहाटेच बूथवर पाठवा. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, होतो आणि त्यात किमान 50 मतं टाकतात. त्यानंतर कंट्रोल युनिटवर (मशीनचा मतं साठवणारा भाग) क्लोज, रिझल्ट, क्लिअर हे तीन टप्पे झालेच पाहिजेत. क्लिअर झाल्यावर टोटल शून्य दाखवून घ्या, मगच प्रमाणपत्रावर सही करा. व्हीव्हीपॅटमधल्या (मताची चिठ्ठी छापणारं यंत्र) मॉक पोलच्या चिठ्ठ्या काळ्या लिफाफ्यात सील होतात, तेही डोळ्यांदेखत होऊ द्या.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष प्रत्येक एजंटला फॉर्म 17 सी च्या पहिल्या भागाची प्रत देतात. ती घेतल्याशिवाय एजंटने बूथ सोडायचा नाही. याच कागदावर कंट्रोल युनिटचा क्रमांक, सीलचे क्रमांक आणि एकूण मतं असतात. आकडा असा ताडून बघायचा. समजा 17 ए रजिस्टरमध्ये, म्हणजे मतदारांच्या सह्यांच्या वहीत, 812 नोंदी आहेत. दोघांनी सही करूनही मत दिलं नाही आणि एकाला गुप्तता मोडल्याबद्दल मत देऊ दिलं नाही. मग मशीनवर 809 यायला हवेत. 859 आले तर पन्नासचा फरक पाहूनच ओळखा की मॉक पोल पुसलेला नाही. हा बहुतेक वेळा केंद्राध्यक्षाच्या विसराळूपणाचा प्रकार असतो. याचिकेत त्याला थेट फसवणूक म्हटलंत तर तुमचा खरा मुद्दाही कमकुवत होतो. अशा मशीनची मतं मोजणीत बाजूला ठेवतात. जिंकण्याचा फरक त्या बूथच्या एकूण मतांपेक्षा कमी किंवा तेवढाच असेल तर त्या बूथच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजतात. आयोगाच्या सूचनाच तशा आहेत, एजंटने फक्त त्यांची आठवण द्यायची.

बोगस मतदाराला अडवायचं असेल तर दोन रुपये भरून लेखी आक्षेप घ्या. नुसत्या आरडाओरड्याची नोंद होत नाही. खरा मतदार आला आणि त्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेला असेल, तर त्याला परत पाठवू नका. त्याला टेंडर्ड मतपत्रिका मिळते आणि 17 बी मध्ये, म्हणजे अशा मतांच्या यादीत, त्याची नोंद होते. हे मत मोजणीत धरत नाहीत, पण कोर्टात तेच उपयोगी पडतं. राजस्थानात नाथद्वाऱ्याला 2008 मध्ये सी. पी. जोशी एका मताने हरले, आणि त्या खटल्यात टेंडर्ड मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फरक इतका कमी असला की 17 बी मधली एकेक ओळ महत्त्वाची ठरते.

सीमाभागात दुबार नावांची तक्रार नेहमीची आहे: चंदगड, गडहिंग्लज, कागलकडे एक नाव आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडे दुसरं. एकाच निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिलं तर कायद्याने दोन्ही मतं बाद होतात. पण दोन याद्यांत नाव दिसलं म्हणजे दोनदा मत दिलं, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन्हीकडच्या 17 ए वरच्या सह्या लागतात, आणि ते रजिस्टर सीलबंद असल्याने कोर्टाच्या आदेशाशिवाय उघडत नाही. यादीतली चूक तर निवडणुकीआधीच नाव वगळण्याच्या फॉर्म 7 ने काढून घ्यायची असते. निवडणूक याचिकेत कोर्ट यादी नव्याने तपासायला बसत नाही. नावांची जुळवाजुळव करताना कन्नड यादी नीट वाचणारा माणूस सोबत घ्या. पाटील, जाधव, नाईक अशी सारखी नावं आणि लिप्यंतराच्या चुका यांमुळे ‘दुबार’ म्हणून काढलेली कित्येक नावं वेगवेगळ्या माणसांची निघतात, आणि उलटतपासणीत अशी दोन नावं निघाली तरी अख्ख्या यादीवरचा विश्वास उडतो.

मोजणीच्या टेबलावर

प्रत्येक फेरीला सील आणि कंट्रोल युनिटचा क्रमांक 17 सी शी ताडा आणि जो फरक दिसेल तो तिथेच लेखी द्या. सगळ्या फेऱ्यांची बेरीज जाहीर झाली की निकाल घोषित होण्याआधी एक-दोन मिनिटं मिळतात. फेरमोजणी मागायची हीच वेळ. अर्ज आधीच छापून ठेवा, त्यात टेबल, फेरी आणि बूथची जागा तेवढी मोकळी ठेवा. ‘सगळं पुन्हा मोजा’ असा मोघम अर्ज नाकारला जातो, आणि तो न्यायालयातही टिकत नाही. निवडणूक अधिकाऱ्याने निर्णय कारणांसह लेखी द्यायचा असतो, त्याची प्रत मागा. निकालावर सही झाली की त्याच्या हातात फेरमोजणी राहत नाही. बेंगळुरूच्या जयनगरात 2023 मध्ये फेरमोजणीनंतर फरक 16 मतांवर आला होता. असे निकाल लागतात, तेव्हा अर्ज खिशात असू द्या.

ग्रामपंचायतीला कर्नाटकात 2020 मध्ये बीदर वगळता कागदी मतपत्रिका होत्या. तिथे खरा वाद बाद मतांवर होतो. बाद झालेली प्रत्येक मतपत्रिका का बाद केली ते विचारा आणि वहीत लिहा: शिक्का दोन चौकटींत, शिक्काच नाही, मतदाराची ओळख पटेल अशी खूण. समजा तीन मतांनी हरलात आणि 11 मतं बाद झाली. कोर्ट विचारेल की त्यातली कोणती चार तुमची होती आणि ती चुकून कशी बाद झाली. या वहीशिवाय उत्तर देता येणार नाही.

सात दिवस आणि पंचेचाळीस दिवस

विधानसभा आणि लोकसभेत दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला विधानसभा क्षेत्रातल्या 5 टक्क्यांपर्यंत ईव्हीएमच्या मायक्रोकंट्रोलरची (मशीनमधल्या चिपची) तपासणी मागता येते. अर्ज निकालानंतर सात दिवसांत करायचा आणि खर्च अर्जदाराने भरायचा. छेडछाड सापडली तर पैसे परत मिळतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 26 एप्रिल 2024 च्या निकालाने ही सोय झाली. मशीनवर संशय असेल तर याच दारातून जा.

चित्रीकरणाचं मात्र लगेच पाहा. भारत निवडणूक आयोगाच्या 30 मे 2025 च्या सूचनेनुसार याचिका दाखल झाली नसेल तर 45 दिवसांनी सीसीटीव्ही आणि वेबकास्टिंगचं चित्रीकरण नष्ट करता येतं. म्हणून निकालाच्या दुसऱ्याच दिवशी ‘अमुक बूथचं, अमुक वेळेतलं चित्रीकरण जतन करा’ असं पत्र पोहोच घेऊन द्या. चित्रीकरणाचं महत्त्व पाहायचं तर मालूरचं प्रकरण आहे. 2023 मध्ये तिथे 248 मतांनी निकाल लागला, आणि 16 सप्टेंबर 2025 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने निवड रद्द करून फेरमोजणीचा आदेश दिला. मोजणीचं चित्रीकरण सादर झालं नाही, हा त्यातला मोठा मुद्दा होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाने निवड रद्द करण्याला स्थगिती दिली, पण फेरमोजणी करून निकाल बंद लिफाफ्यात ठेवायला सांगितलं.

मोबाईलवरचे व्हिडिओ आणायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. त्याचे दोन भाग असतात आणि फाईलची हॅश किंमत (फाईल बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा) त्यात लिहावी लागते. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली क्लिप नव्हे, ज्या फोनने चित्रण केलं त्यातली मूळ फाईल लागते. 2014 च्या अन्वर निकालात केरळच्या एका निवडणूक याचिकेतल्या सीडी प्रमाणपत्राअभावी निकामी ठरल्या. उलट जालन्यात अर्जुनराव खोतकरांची 296 मतांची निवड रद्द झाली ती अर्ज दुपारी तीननंतर भरल्याच्या चित्रीकरणावरून. तिथे अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रमाणपत्र लागतंच, पण ते मिळत नसेल तर कोर्टाकडून ते मागवून घ्या.

याचिका लिहिताना आणि देताना

उच्च न्यायालयात द्यायच्या याचिकेत 2,000 रुपये अनामत भरतात. ही रक्कम, मुदत आणि प्रतिवादी यांत चूक झाली तर 1951 च्या कायद्याच्या कलम 86 खाली याचिका सुरुवातीलाच फेटाळली जाते. फक्त निवड रद्द करून मागत असाल तर विजयी उमेदवार पुरे. ‘मला निवडून आल्याचं जाहीर करा’ असंही मागत असाल तर लढलेले सगळे उमेदवार प्रतिवादी करा, अगदी पाच मतं मिळालेला अपक्षसुद्धा. ज्या उमेदवारावर भ्रष्ट प्रकाराचा (लाच, दमदाटी वगैरे) आरोप आहे तोही. तहसीलदार किंवा आयोगाला प्रतिवादी करायचं नाही.

जितके प्रतिवादी तितक्या प्रती, आणि प्रत्येक प्रतीवर ‘खरी प्रत’ म्हणून तुमची स्वतःची सही. जोडपत्रांवरही सही आणि पडताळणी हवी. लाच, दमदाटी किंवा मतदारांसाठी फुकट वाहनं असे आरोप असतील तर फॉर्म 25 मधलं शपथपत्र जोडा. त्यात कोणी, कोणाला, कधी, कुठे हे सगळं लिहा. शपथपत्रातली त्रुटी दुरुस्त करता येते, मजकुरातली पोकळी नाही. आणि याचिका द्यायला स्वतः जा. फक्त वकिलाने दिलेली याचिका चालली नाही, असं कर्नाटकातलंच 2009 चं प्रकरण आहे.

भ्रष्ट प्रकाराचा आरोप फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. नियमभंग किंवा चुकीच्या मतांचा मुद्दा असेल तर त्याने निकाल बदलला असता, हे आकड्याने दाखवा. पंधराशे मतांनी हरलात आणि 40 बोगस मतं सिद्ध केलीत तर निकाल तसाच राहतो. वकिलाकडे जाण्याआधी हे गणित घरी मांडा.

आपल्या भागात भाषेचा मुद्दा हमखास येतो. उमेदवाराच्या, प्रतिस्पर्ध्याच्या किंवा मतदाराच्या भाषेच्या आधारावर मत मागणं किंवा नाकारायला सांगणं हा त्याच 1951 च्या कायद्याच्या कलम 123(3) खाली भ्रष्ट प्रकार आहे. 2017 च्या सात न्यायाधीशांच्या निकालानंतर ‘मतदाराच्या’ हा अर्थही त्यात धरला जातो. पण भाषा टिकवण्यासाठी, तिच्यात कागदपत्रं मिळावीत म्हणून लढण्याचं आश्वासन देणं वेगळं. 1964 मध्ये हिंदी आंदोलनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते भ्रष्ट प्रकार मानलं नाही. ही रेषा मराठी आणि कन्नड दोन्ही उमेदवारांना सारखीच लागू आहे. भाषणावर आक्षेप असेल तर नेमकं वाक्य, सभेची जागा आणि वेळ लिहा. मराठी भाषणं आणि पत्रकांचं इंग्रजी भाषांतर जोडा, कारण उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं. तिथल्या तिथे केलेल्या भाषांतरात ‘आपला माणूस’चा अर्थ काहीही होऊ शकतो.

खटला सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात वर्षं जातात. तुम्ही स्वतःसाठी जागा मागितली असेल तर विजयी उमेदवारालाही तुमच्याविरुद्ध आरोप करता येतात. त्याने खटला सुरू झाल्यापासून 14 दिवसांत तशी नोटीस द्यायची असते. उच्च न्यायालयाच्या निकालावर 30 दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं. आणि गावात दोघांचं जुळलं म्हणून उच्च न्यायालयातली याचिका परस्पर मागे घेता येत नाही. त्याला न्यायालयाची परवानगी लागते. देवाणघेवाण झाल्याचं दिसलं तर ती मिळत नाही, आणि तुम्ही बाजूला झालात तरी याचिका करू शकला असता असा दुसरा मतदार तुमच्या जागी उभा राहायला अर्ज करू शकतो.